काढघालीचा विंच

भोसरीच्या एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये एक थार लिफ्टवर चढवलेली होती आणि तिच्या पोटाखाली उभे राहून तिघे जण चेसिसकडे पाहत होते. गाडीचा मालक हिंजवडीत नोकरी करणारा, फॅब्रिकेटर साठीला टेकलेले, तिसरा त्यांच्या हाताखालचा वेल्डर. विंच, म्हणजे रुतलेली गाडी दोराने ओढून काढणारं यंत्र, बाजूला खोक्यात होता. मालकाने तो आधीच विकत घेतला होता : साडेनऊ हजार पौंडांचा, म्हणजे सुमारे ४,३०० किलो ओढीचा. फॅब्रिकेटरनी खोकं उघडलंसुद्धा नाही. "राहू द्या साहेब. चार टन ओढणार, ते चार टन येऊन बसणार कुठे, ते आधी ठरवू," असं म्हणून ते टेप लावून चेसिसच्या दोन तोंडांमधलं अंतर मोजू लागले.

मला या लेखात जे सांगायचं आहे ते त्यांच्या त्या वाक्यात जवळपास सगळं आलं आहे. महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत फोर बाय फोर गाड्या हौसेने घेणाऱ्यांची संख्या वाढली. थार २०२० मध्ये नव्या रूपात आली, जिम्नी २०२३ मध्ये आली, पुण्याच्या फोर्स मोटर्सची गुरखा आहेच. पावसाळ्यात मावळ-मुळशीकडे जाणारे, उन्हाळ्यात स्पितीकडे निघणारे, सगळे कधी ना कधी विंचचा विचार करतात. मग चर्चा होते ती कुठल्या कंपनीचा घ्यावा, किती पौंडांचा घ्यावा, दोर स्टीलचा की सिंथेटिक. विंच ज्या तुकड्यावर बसतो, तो तुकडा चेसिसला ज्या बोल्टांनी धरलेला असतो आणि बॅटरीपासून त्याच्यापर्यंत जी केबल येते, त्यांबद्दल कुणी विचारत नाही. काढता-घालता येणाऱ्या विंचच्या बाबतीत तर सगळं यश-अपयश याच तीन गोष्टींवर ठरतं.

अमेरिकेत ही वस्तू सहज जन्माला आली. आर्थर वॉर्न यांनी १९४८ मध्ये विलीज जीपसाठी लॉकिंग हब बनवायला सुरुवात केली. महायुद्धातून उरलेल्या जीपा शेतकऱ्यांच्या हाती आल्या होत्या आणि त्या डांबरी रस्त्यावरही नीट चालाव्यात हा त्यामागचा हेतू होता. त्याच कंपनीने १९५९ मध्ये हौशी वापरासाठीचा विजेवर चालणारा विंच बाजारात आणला. पण काढघालीच्या विंचला खरा आधार मिळाला तो तिथल्या ट्रेलरच्या सवयीतून. बोट, घोडे, कॅम्पिंगची खोली, काहीही मागे जोडून न्यायचं, त्यामुळे तिथल्या असंख्य पिकअप आणि जीपांच्या मागच्या बाजूला दोन इंची चौकोनी पोकळ नळी चेसिसला घट्ट बसवलेली असते. तिला रिसीव्हर म्हणतात. त्या नळीत ट्रेलरचा दांडा सरकवायचा आणि आडवी पिन घालायची. कुणीतरी विंचला तसाच दांडा असलेला पाळणा केला, त्याला क्रेडल म्हणतात, आणि विंच मागे लावता येऊ लागला. पुढेही तशीच नळी बसवली की तोच विंच पुढे. भोक आधीपासून होतं, त्यात बसणारी वस्तू नंतर आली.

आपल्याकडे नेमकं ते भोकच नाही. खासगी गाडीला ट्रेलर जोडण्याची रीत भारतात रुजली नाही, त्यामुळे कारखान्यातून येणाऱ्या गाडीला रिसीव्हर नसतो. बाहेरून क्रेडल मागवता येतं, विंच मागवता येतो, पण ते ज्यात घुसवायचं ती नळी आणि तिला चेसिसशी बांधणारी पट्टी भोसरीत, नाशिकच्या सातपूरला, कोल्हापूरच्या शिरोलीला कुणा फॅब्रिकेटरला घडवावी लागते. म्हणजे सगळ्या साखळीतला सर्वात जास्त ताण झेलणारा दुवा हा एकमेव हातघडणीचा, आणि कुणीही चाचणी न घेतलेला.

तरीही विंच काढता येणारा का हवा? पहिलं कारण वजन. साडेनऊ हजार पौंडांचा विंच स्टीलच्या वायर रोपसकट चाळीस किलोच्या आसपास भरतो. हे वजन पुढच्या चाकांच्याही पुढे लोंबतं. थारचा व्हीलबेस २,४५० मिलिमीटर. पंचेचाळीस किलोचा ऐवज पुढच्या ॲक्सलच्या ऐंशी सेंटिमीटर पुढे टांगला तर तरफेच्या हिशेबाने पुढच्या ॲक्सलवर साठ किलो वाढतात आणि मागच्यावरचे पंधरा किलो कमी होतात. पुढच्या स्प्रिंगा बसतात, हेडलाइटचा झोत बदलतो, घाटात उतरताना नाक खाली झुकतं. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीने हे ओझं वर्षभर का वाहावं? दुसरं कारण पाऊस. कोकणच्या पावसात आणि खाऱ्या हवेत बंपरमध्ये कायमचा बसलेला विंच दोन पावसाळ्यांत आतून गंजतो. वापरायची वेळ येते तेव्हा मोटर गुरगुरत नाही, नुसता कॉन्टॅक्टरचा टक असा आवाज येतो. घरात कोरड्या जागी ठेवलेला विंच असा दगा देण्याची शक्यता कमी. तिसरं कारण मला सगळ्यात पटतं. चार मित्रांच्या चार गाड्यांना एकसारखे रिसीव्हर असतील तर एक चांगला विंच चौघांना पुरतो, आणि जी गाडी मोकळ्या जमिनीवर उभी असेल तिच्या पुढे किंवा मागे, हवा तिथे तो लागतो. रुतलेली गाडी बहुतेक वेळा आली त्याच वाटेने मागे ओढणं सोपं असतं, आणि पुढे कायमचा बसवलेला विंच तिथे स्वतःच्या गाडीला उपयोगी पडत नाही.

चौथं कारण कायद्याचं. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र लिहून क्रॅश गार्ड आणि बुल बार बसवलेल्या गाड्यांवर कारवाई करायला सांगितलं. ते योग्यच होतं. गाडी धडकते तेव्हा तिचं नाक ठरावीक पद्धतीने चुरगळावं असा विचार करून ती बनवलेली असते आणि एअरबॅगचे सेन्सर त्या चुरगळण्यावर विसंबून असतात. ग्लोबल एनकॅपने नोव्हेंबर २०२० मध्ये धडक-चाचणीत थारला चार तारे दिले, ते कारखान्याच्या बंपरसकट. त्या जागी जाड पोलादी बंपर आला की ते तारे त्या गाडीला लागू राहत नाहीत. पादचाऱ्यासाठी तर असा बंपर जीवघेणाच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच अधोरेखित केलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी शिक्षा आली.

पुष्कळ लोक म्हणतात, काढता येतो म्हणजे प्रश्नच मिटला. तसं नाही. विंच काढला तरी रिसीव्हर आणि त्याची पट्टी चेसिसला राहतेच. ती बंपरच्या बाहेर डोकावत असेल तर पोलिसांच्या आणि आरटीओच्या नजरेत तो बदलच आहे, आणि पुढे आलेली पोलादी नळी धडकेत एखाद्याच्या गुडघ्यात घुसेल हे कायदा बाजूला ठेवला तरी खरंच आहे. म्हणून नळीचं तोंड बंपरच्या मागे दडलेलं हवं, विंच फक्त खासगी जमिनीवर किंवा अडचणीच्या जागी चढवावा, सार्वजनिक रस्त्यावर गाडी विंचशिवायच धावावी, आणि काम करण्याआधी आरटीओ व विमा कंपनी दोघांनाही लेखी विचारावं. हे कंटाळवाणं आहे. अपघातानंतर दावा नाकारला जाण्यापेक्षा बरं.

आता त्या नळीकडे वळू. फॅब्रिकेटरनी मला दोन तुकडे हातात दिले. दोन इंच म्हणजे ५०.८ मिलिमीटर. आपल्या बाजारात सहज मिळणारा चौकोनी पाइप ६० बाय ६०, पाच मिलिमीटर जाडीचा. त्याच्या आतली जागा बरोबर ५०. बाहेरून आणलेल्या क्रेडलचा दांडा त्यात शिरतच नाही. मग काही जण चार मिलिमीटर जाडीचा पाइप घेतात, आत ५२ मिळतात, दांडा शिरतो आणि खुळखुळतो. शिवाय भिंत पातळ झाली. त्यात हा पाइप शिवणीचा असतो, आतल्या बाजूला वेल्डची उभी रेघ असते, ती काढली नाही तर दांडा त्या रेघेवर तिरका बसतो. त्यांनी स्वतः चार प्लेटा जोडून, आतून मोजून, पाव इंच जाडीची नळी केली होती आणि तोंडाशी बाहेरून पट्टीचं कडं वेल्ड केलं होतं. कारण तिरका ताण आला की नळी तोंडाशीच फाकते.

पिनही अशीच. सोळा मिलिमीटरची साधी लोखंडी पिन दोन ठिकाणी कापली जायला साधारण सहा टनांच्या आसपास तयार होते. विंचची पूर्ण ओढ ४.३ टन. कागदावर पुरेसं दिसतं, पण दोर ढिला पडून अचानक ताणला गेला, गाडी दगडावरून घसरून झटका बसला, तर तो आकडा क्षणात ओलांडला जातो. पिन चांगल्या पोलादाची, कडक केलेली हवी. बोल्ट ८.८ किंवा १०.९ ग्रेडचे, त्यांच्या डोक्यावर ते कोरलेलं असतं, आणि चेसिसच्या पत्र्यामागे आतून प्लेट हवी, नाहीतर बोल्ट टिकतो आणि पत्रा फाटतो. चेसिसला वेल्डिंग करू नका, असं फॅब्रिकेटर तीनदा म्हणाले. वेल्डिंगच्या उष्णतेने त्या जागचं पोलाद बदलतं आणि तडा तिथूनच सुरू होतो.

काढघालीच्या विंचची सगळ्यात मोठी मर्यादा आडवी ओढ. कायमच्या बंपरमध्ये विंच दोन्ही चेसिस-दांड्यांवर रुंद बसलेला असतो, दोर कोनात गेला तरी ताण वाटला जातो. क्रेडलमध्ये सगळा भार एका दांड्यावर, गाडीच्या मधोमध. दोर तीस अंश डावीकडे गेला की तो दांडा तरफ होऊन नळीचं तोंड पिळतो. म्हणून अशा विंचने शक्यतो सरळच ओढायचं. सरळ जागी झाड किंवा दुसरी गाडी नसेल तर कप्पी लावून दोराची दिशा वळवायची.

कप्पीबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण इथे फार कमी लोक ती खुबीने वापरतात. ओढ किती लागेल याचा अनुभवी लोकांचा ढोबळ हिशेब असा : गाडी चाकांच्या उंचीपर्यंत रुतली तर तिच्या वजनाइतकी ओढ, मडगार्डपर्यंत रुतली तर दुप्पट. माणसं-सामानासह दोन टनांची थार म्हणजे चार टन. विंचचा छापील आकडा ४.३ टन, पण तो ड्रमवर दोराचा फक्त पहिला थर उरलेला असतानाचा. विहिरीवरच्या रहाटाच्या कण्यावर दोर जाड होत जातो तशी कळशी जड लागते, तसंच इथे. दोर पूर्ण गुंडाळलेला असेल तर ओढ जवळजवळ एक तृतीयांशाने घटते. मग झाड दहा मीटरवर असलं की तुमचा साडेनऊ हजारी विंच तीन टनही ओढत नाही. अशा वेळी दोर झाडाजवळच्या कप्पीतून फिरवून गाडीच्या स्वतःच्या टो हुकला आणून अडकवायचा. ओढ दुप्पट होते, वेग निम्मा, आणि महत्त्वाचं म्हणजे क्रेडलवर एकूण ताणाचा अर्धाच भाग येतो, उरलेला अर्धा कारखान्याच्या हुकवर. हुक परत क्रेडललाच अडकवला तर ताण वाटला जाण्याचा हा फायदा गेला. माझ्या मते रिसीव्हरवर विंच लावणाऱ्याने कप्पी नेम म्हणूनच वापरावी.

वीज हा भाग लोकांना क्षुल्लक वाटतो. पूर्ण भाराला हा विंच बारा व्होल्टवर चारशे अँपिअर मागतो. गाडीचा अल्टरनेटर शंभरच्या आसपास देतो, उरलेले तीनशे बॅटरीतून जातात. पाच मिनिटं सलग ओढलं तर पंचवीस अँपिअर-अवर खर्च, म्हणजे सत्तरच्या बॅटरीचा तिसरा हिस्सा. म्हणून इंजिन चालू ठेवून अर्धा-पाऊण मिनिट ओढायचं, थांबायचं, मोटरला हात लावून पाहायचं. केबलचा हिशेब याहून उघड आहे. बॅटरी ते पुढचा बंपर दोन मीटर, परतीचे दोन, ३५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल : चारशे अँपिअरला ०.८ व्होल्ट वाटेत जातात. तोच विंच मागे लावायचा तर पाच अधिक पाच मीटर, आणि त्याच केबलमध्ये दोन व्होल्ट जातात. मोटरला मग धड दहाही मिळत नाहीत. मागच्यासाठी ७० चौरस मिलिमीटरची केबल टाकली की तोटा एका व्होल्टवर येतो. परतीची तार बॉडीला न जोडता थेट बॅटरीच्या निगेटिव्हला न्यावी.

जोडणीसाठी अँडरसन कनेक्टर वापरतात. चाकणच्या कुठल्याही कारखान्यात बॅटरीवर चालणाऱ्या फोर्कलिफ्टला तोच असतो, त्यामुळे तो आणि त्याचं क्रिंपिंग करणारा माणूस दोन्ही पुणे परिसरात सहज मिळतात. केबलच्या टोकाचा लग हायड्रॉलिक क्रिंपिंगनेच बसवावा, हातोडीने ठोकलेला लग तापतो. आणि बॅटरीच्या अगदी शेजारी एक आयसोलेटर स्विच हवाच. विंच घरी ठेवला तरी ती जाडजूड केबल बंपरपर्यंत जिवंत राहते. धडकेत ती चेपली गेली तर आग लागायला फ्यूज जळण्याइतकाही वेळ लागत नाही, कारण बहुतेकांनी तिथे फ्यूज लावलेलाच नसतो. कॉन्टॅक्टर चिकटून विंच थांबेनासा झाला तर त्याला बंद करण्याचा आयसोलेटर हाच एक मार्ग. चालू ओढीत कनेक्टर उपटायला गेलात तर ठिणगीने हात भाजेल.

पुढच्या भेटीत ही थार पौडच्या पुढे एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या पडीक खाचरात नेली, त्याच्या परवानगीने. पाऊस चांगला झालेला. दुसरी गाडी मुद्दाम चिखलात मडगार्डपर्यंत घातली. दोघांनी क्रेडल उचललं, दांडा नळीत सरकवला, पिन घातली, क्लिप लावली, कनेक्टर दाबला. विंचला सिंथेटिक दोर आणि ॲल्युमिनियमचं तोंड असल्याने स्टीलच्या मानाने दहाएक किलो हलका झाला होता, तरी एकट्याने वाकून चिखलात तो बसवणं अवघडच. जाहिरातीत एक माणूस हसत हसत बसवतो. प्रत्यक्षात कंबर सांभाळायची तर दुसरा माणूस हवा, आणि एकट्याने रानात जाणाऱ्यासाठी ही पद्धत नाही.

पहिली ओढ सरळ दिली आणि ओढणारी थारच पुढे घसरली. मागच्या चाकांना दगड लावले, कप्पी लावली. मग दोर ताणला गेला, मोटरचा आवाज खाली उतरला आणि अडकलेली गाडी वितावितीने सरकू लागली. ताणाखाली दोर मिनिटाला जेमतेम दोन-तीन मीटर सरकतो आणि कप्पीमुळे गाडी त्याच्याही निम्म्या वेगाने. उतावळ्या माणसाला हे सोसत नाही, तो दोर ढिला करून गाडीला झटका देतो. आम्ही सगळे दोराच्या दीडपट अंतरावर उभे होतो, दोरावर जड गोधडी टाकली होती. स्टीलचा दोर तुटला तर चाबकासारखा परततो. सिंथेटिक दोर हलका असतो, म्हणून तो कमी धोक्याचा, पण त्याच्या टोकाचा हुक किंवा शॅकल तेवढाच धोक्याचा. आणि ट्रेलरच्या बॉलला कधीही दोर अडकवायचा नाही. त्याचा दांडा तुटून गोळा काचेतून आत आल्याने माणसं गेलेली आहेत, ऑस्ट्रेलियात विशेष.

आपल्या मातीत सिंथेटिक दोराचे दोन वैरी. एक लाल मातीतली जांभ्याची रेव. ती धाग्यांत शिरून आतून कापते, म्हणून वापरानंतर दोर बादलीभर पाण्यात धुवायचा. दुसरी उष्णता. हा दोर दीडशे अंश सेल्सियसच्या आसपास वितळतो, आणि बहुतेक विंचचा ब्रेक ड्रमच्या पोटात असतो. ताणाखाली दोर सोडत गेलात तर ब्रेक तापतो आणि ड्रमला लागलेला पहिला थर भाजतो. काढता येणारा विंच घरी नेऊन दोर पूर्ण उलगडून पाहता येतो, हा त्याचा मोठा गुण.

झाडाबद्दल एक विनंती. दोर थेट खोडाला बांधू नका. तळहाताएवढा रुंद पट्टा वापरा, तोही बुंध्याशी खाली. साल कापली गेली की झाड उभ्याउभ्या मरतं. आणि सड्यांवर, अभयारण्यांत गाडी घालूच नका, तिथे विंच लागायची वेळ येणं हाच गुन्हा आहे.

स्पर्धेची गोष्ट वेगळी. गोव्यात २०१४ पासून भर पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंजची भारतीय फेरी होते. मूळ स्पर्धा १९९७ मध्ये मलेशियात सुरू झाली. तिथल्या गाड्यांना विंच कायमचे, बहुधा पुढे-मागे दोन, कारण दिवसभर तेच काम आणि ओढ कुठल्या कोनात लागेल याचा नेम नाही. तिथे रिसीव्हर टिकणार नाही. ज्याला तसंच वापरायचं आहे त्याने काढघालीच्या नादी लागू नये. पण वर्षातून दोन-चारदा अडकणाऱ्या, एरवी मुलांना शाळेत सोडणाऱ्या गाडीला पोलादी बंपर चढवणं मला चुकीचं वाटतं. तिथे काढता येणारा विंचच योग्य.

आता मुख्य मागणी. जीपने २०२४ च्या रँग्लर रुबिकॉनला अमेरिकेत कारखान्यातूनच आठ हजार पौंडांचा वॉर्न विंच देऊ केला, एअरबॅग आणि धडकेचा विचार करून. रँग्लर २०२१ पासून पुण्याजवळ रांजणगावातही जोडली जाते. थार नाशिकला बनते, गुरखाची कंपनी पुण्याची, आणि देशातल्या वाहनांची चाचणी घेणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यातच आहे. गाडी घडवणारे आणि तपासणारे दोघेही एका दिवसाच्या अंतरावर असताना ग्राहकाने चार टनांचा भार हातघडणीच्या नळीवर टाकावा हे बरोबर नाही. कंपन्यांनी बंपरमागे दडणारा, चाचणी झालेला रिसीव्हर अधिकृत ॲक्सेसरी म्हणून द्यावा, एआरएआयने त्याची ओढ सरळ आणि तिरकी दोन्ही तपासावी, आणि परिवहन खात्याने तो आरसीवर नोंदवण्याची सोय करावी. तोपर्यंत विंच घ्यायला निघालेल्या प्रत्येकाने आधी गाडी लिफ्टवर चढवून रिसीव्हर करून घ्यावा, त्याच्या नळीची जाडी, बोल्टांचा ग्रेड आणि केबलचा आकार बिलावर लिहून घ्यावा, आणि खोकं त्यानंतरच विकत आणावं.